बठ्ठं फोडसू

दोन हजार तेवीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या साली माझं मूळव्याधीचं ऑपरेशन शेजारच्या सुकलाल नानाने भोंग्यावरून अख्ख्या बाजाराला सांगितलं. आसपासच्या गावांची माणसं जमलेली. "आपले आबा धुळ्याहून सुखरूप परत आले. जागा अवघड होती, पण आबांनी हाय खाल्ली नाही!" मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की कोणी विचारलं तर आबा लेकीकडे गेलेत म्हणून सांगा.

त्या दिवसापासून मी नानाशी बोलणं टाकलं. माझी शाळा तिसरीपर्यंत झाली, पण एकदा टाकलं ते टाकलं, एवढं मला कोणी शिकवावं लागत नाही.

नानाची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीच्या पत्र्यावर भोंगा. बाया दळण आणतात, दळणाबरोबर गावाची खबर आणतात. बाजाराच्या दिवशी नाना पट्टा थांबवायचा, भुवयांवरचं पीठ पुसायचा, माइकवर फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "ऐका भाऊ, मना पोटमा काही ऱ्हास नही. बठ्ठं फोडसू!" आणि खरंच सगळं फोडायचा. रेशन दुकानात साखर आली पण पाटी लावली नाही, हे सांगायचा. त्याच दमात कोणाची सोयरीक का मोडली, तेही सांगायचा. मी एकदा म्हटलं होतं, "नाना, कामाचं काय, बिनकामाचं काय, चाळून तरी घे." तर म्हणाला, "चाळानं काम तुमनं. मी फक्त दळस."

दुसरी खोड पेपरची. आमच्या दोघांच्या ओट्यांमध्ये एक छातीएवढी भिंत आहे. सकाळी पेपर आला की मी माझा उघडून बसतो, पलीकडे नाना त्याचा. दोघांकडे एकच पेपर. पण नाना मनात वाचेल तर नाना कसला? आधी ओरडून पान सांगायचा, "पान एक, वरती डावीकडे!" आणि मग ठणठणीत आवाजात वाचायचा. कापसाचा भाव, तापीचं पाणी, कोण कोणत्या पक्षात गेला. मी बोलणं टाकल्यावर तरी गप्प बसावं की नाही? त्याने आवाज आणखी चढवला. मला वाटलं, मला खिजवतोय.

मग पाण्याच्या टाकीचं प्रकरण आलं. ग्रामपंचायतीत दार लावून बैठक झाली, आणि दोन दिवसांत त्या बैठकीतलं बोलणं कोणीतरी मोबाईलवर आणून नानाला दिलं. ऐन बाजारात भोंग्यातून सरपंचाचा आवाज बाहेर पडला, "टाकी आपल्या मेव्हण्याच्या मळ्यात बांधू. गावाला सांगू, दुसरी जागाच नाही." भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले. संध्याकाळी पंचायतीसमोर बाचाबाची झाली. तेव्हा मी दाराशीच उभा होतो. नाना सरपंचाला म्हणाला, "आजून बरंच शे मनाकडे. बठ्ठं फोडसू!"

आणि त्याच रात्री पंचायतीच्या खिडकीची काच फुटली.

कोणी फोडली, मी पाहिलं नाही. पण गुन्हा नानावर लागला. सरकारी मालमत्तेचं नुकसान आणि धमकी. भोंगा जप्त. फौजदाराने विचारलं, "रेकॉर्डिंग कोणी दिलं?" नाना म्हणाला, "साहेब, दळण कोणाचं, ते गिरणी सांगत नाही."

चहाच्या टपरीवर दोन तट पडले. एक म्हणे, हे सगळं राजकारण आहे. दुसरे म्हणे, बरं झालं, लोकांच्या घरात डोकावतो मेला. मी दोन्हीकडे बसलो नाही. मला एवढंच दिसत होतं, की त्या खिडकीची काच याआधी पोरांच्या चेंडूने फुटली होती, वावटळीने फुटली होती, आणि प्रत्येक वेळी पुठ्ठा लावून काम भागलं होतं. नानावर माझ्या मूळव्याधीबद्दल कोणी खटला भरला असता, तर पहिली सही माझी असती. पण राग भोंग्याचा आणि खटला काचेचा, हे मला पटेना.

सरपंच स्वतः माझ्या ओट्यावर आला. "आबा, भर बाजारात तुमची अब्रू काढली त्याने. आता तुमची पाळी."

"जे कानांनी ऐकलं, तेवढंच सांगेन," मी म्हणालो.

जमादाराने माझा जबाब लिहिला. "वाचून सही करा, आबा." मी चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, मान हलवली आणि सही केली.

शिंदखेड्याच्या कोर्टात माझी साक्ष लागली. न्यायाधीश साहेब नवे होते, कोकणाकडचे. मी सांगितलं, "नाना बोलला, बठ्ठं फोडसू." सरकारी वकील बाई म्हणाल्या, "तुमच्या जबाबात असं नाही. हा घ्या, तुम्हीच मोठ्याने वाचा."

कागद हातात आला आणि मी चष्मा पुसत राहिलो. मला मोठी, सुटी अक्षरं येतात. जोडाक्षर आलं की माझी गाडी चिखलात रुतते. हे माझ्या बायकोला माहीत होतं, ती गेली. बाकी गावाला वाटतं, आबा रोज पेपर वाचतात. इथे तर ओळीओळीला अक्षरावर अक्षर चढलेलं. मागे अर्धं गाव बसलेलं. सरपंच माझ्याकडे बघतोय.

आरोपीच्या जागेवरून आवाज आला. "साहेब, आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. बारीक अक्षर दिसत नाही त्यांना. मी वाचू का? आवाज माझा बरा आहे."

कोर्ट हसलं. साहेबही हसले. "तुमच्याविरुद्धचा जबाब आहे, माहीत आहे ना?"

"माझ्याविरुद्धचाच बरा वाचता येईल, साहेब."

साहेबांनी मान डोलावली. नानाने कागद घेतला आणि ठणठणीत आवाजात सुरू केलं, अगदी रोजच्यासारखं. "पान एक," म्हणाला आधी. "आरोपी म्हणाला, मी सर्व मालमत्ता फोडून उद्ध्वस्त करीन."

मी ताडकन म्हणालो, "खोटं! असं मी बोललोच नाही. मालमत्ता हा शब्द जमादाराच्या घरचा! आमच्या बोलीत फोडसू म्हणजे उघडं करीन."

"पण फोडणे म्हणजे तोडणेसुद्धा," वकील बाई म्हणाल्या.

"बाई, बारावीचा पेपर फुटतो, तेव्हा काच लागते का कोणाला?"

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला आणि माझे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगितले. पुढची तारीख पडली. खटला अजून चालू आहे, भोंगा अजून ठाण्यात आहे.

परतीच्या एसटीत नाना पुढे बसला, मी मागे. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू नाही. धुळ्याच्या डॉक्टरने ऑपरेशनच्या वेळी डोळेही तपासले होते, आणि ज्याला माझ्या मूळव्याधीची खबर लागली, त्याला डोळ्यांची लागली नसेल? उभ्या जन्मात मी नानाला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. ज्याच्या पोटात काही राहत नाही, त्याच्या पोटात माझं एवढं किती वर्षं राहिलं होतं, देव जाणे. पान एक, वरती डावीकडे. हे तो कोणाला सांगत होता? त्याला स्वतःला कळत नव्हतं, पान कुठलं ते? पुढच्या सीटवर त्याच्या मानेवरचं पीठ तेवढं मला दिसत होतं. गाव येईपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला. मी ओट्यावर बसलो. भिंतीपलीकडे पेपर उघडल्याचा आवाज झाला, पण नाना वाचेना. खोकला, पान उलटलं, पुन्हा गप्प. आपलं पितळ नानाला ठाऊक आहे हे आबाला कळलं, आता आबाला लाज वाटेल, म्हणून तो गप्प होता. नानाला गप्प बसणं किती जड जातं, ते मला ठाऊक आहे.

मी माझा पेपर उघडला. घसा साफ केला. "पान एक!" मी ओरडलो. "वरती डावीकडे!" आणि बोट धरून वाचायला लागलो. "तापी काठच्या... गावांतील... धरण... परक... परकल..."

"प्रकल्पग्रस्त," पलीकडून हळूच आलं.

"माहीत शे माले," मी म्हणालो, आणि पुढची ओळ धरली.