डावीकडचे पेडल

भिकन मास्टरकडे मोटार चालवण्याचा परवाना होता. मोटार चालवता येत नव्हती, एवढीच काय ती त्रुटी होती. फार वर्षांपूर्वी मोटारसायकलचं लायसन काढताना एजंट म्हणाला होता, "साथे गाडीनुं पण करावी लो, फरी धक्को नई." आणि पुन्हा खेप नको म्हणून भिकनने चहाबरोबर खारी मागवावी तशी चारचाकीही मागवली होती. कागदोपत्री तो कुशल चालक होता. कागदाशी जुळवून घ्यायचं काम फक्त त्याच्या शरीराकडे बाकी होतं.

ते बाकीच राहिलं असतं. सुरतेत, भेस्तानच्या लूमखात्यात यंत्रमागांवर मास्टरकी करणाऱ्याला मोटार लागते कशाला? पण मागच्या एका लग्नात, शहाद्याकडच्या गावी, त्याच्या बायकोचा, सुंदराचा, भाऊ पंडित धाकट्या बहिणीच्या मोटारीचं कौतुक करत होता आणि थोरली सुंदरा बसमधून उतरून काखेत पिशवी धरून उभी होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "पुढला लगीनले आम्ही आपली गाडी लईसन येसूत. आनि गाडी ह्याच चालाडतीन." सगळ्या अंगणाने ते ऐकलं. आता पंडितच्या मुलीचं, धनश्रीचं, लग्न ठरलं होतं. सुंदरा घरी साड्यांना लेस लावायचं काम करी. शिलाई मशीनवर पाय मारता मारता ती एवढंच म्हणाली, "मी बोली टाकेल शे." या निकालावर अपिलाची सोय नव्हती.

भिकनने जुनी का होईना, मोटार घेतली आणि 'जय गतिमान मोटर ड्रायविंग स्कूल'मध्ये नाव घातलं. शाळेचे संचालक, प्राचार्य आणि एकमेव शिक्षक कुंदनभाई होते. त्यांच्या कोणत्याही विद्यार्थ्याची गाडी आजवर रस्त्यात बंद पडलेली नव्हती, असं गाडीच्या टपावरच्या पाटीवर गुजराती अक्षरांत लिहिलेलं होतं. ते खरंही होतं. शाळेच्या गाडीत डाव्या बाजूलाही क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर बसवलेले होते आणि त्यांवर कुंदनभाईंचे पाय होते.

"तमे फक्त स्टेरिंग पकडो, भिकनभाई. नीचेनुं हुं जोई लईश."

भिकनने स्टेरिंग पकडलं. गाडी सुटली, वळली, रिक्षांच्या गर्दीत थांबली, पुन्हा सुटली. गिअरसुद्धा कुंदनभाईच टाकत, कारण विद्यार्थ्याचं लक्ष विचलित होऊ नये असं शाळेचं धोरण होतं. भिकनला आपण एवढे हुशार आहोत हे कधीच कळलं नव्हतं. खात्यात तो कारागिरांना सांगू लागला की गाडी चालवणं म्हणजे काही नाही, मन स्थिर पाहिजे. अखेर त्याला उत्तम श्रेणीचं प्रमाणपत्र मिळालं आणि सुंदराने ते देवघराशेजारी लावलं.

मग स्वतःच्या गाडीची पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली, शेजारीपाजारी जमले. भिकनने मन स्थिर केलं आणि किल्ली फिरवली. गाडीने बेडकासारखी एक उडी मारली, लिंबं चिरडली आणि ती बंद पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या उडीत नारळ फुटला, तेव्हाही टाळ्या पडल्या. तिसऱ्या उडीत समोरच्यांचं तुळशीवृंदावन कलंडलं. मग मात्र टाळ्या थांबल्या.

भिकन तडक शाळेत गेला. कुंदनभाई जराही विचलित झाले नाहीत.

"तमे हाथनो कोर्स कर्यो छे. पगनो कोर्स अलग छे."

पायांचा कोर्स शाळेच्या मागच्या अंगणात चाले. तिथे चाकं काढलेली एक गाडी विटांवर ठेवलेली होती. भिकनने तिच्यात बसून क्लच दाबला, सोडला, पाचवा गिअर टाकला आणि न घाबरता समुद्रकाठच्या हजीऱ्यापर्यंत पोचेल एवढी मजल मारली. विटा जागच्या हलल्या नाहीत. त्याबद्दल त्याला दुसरं प्रमाणपत्र मिळालं.

"आता हात-पाय एकत्र कधी?" भिकनने विचारलं.

संयुक्त वर्गाचा प्रस्ताव विचाराधीन होता. आजवर तिथपर्यंत कुणी विद्यार्थी पोचलाच नव्हता, त्यामुळे गरज सिद्ध झालेली नव्हती.

लग्न तर दारात आलं. भिकनची झोप उडाली. त्याला पंडितची लाज नव्हती, कारागिरांचीही नव्हती. डोळे मिटले की सुंदरा पुन्हा पिशवी घेऊन बसमधून उतरताना दिसे. शेवटी कुंदनभाईंनीच तोडगा काढला. शाळेची गाडी न्यायची, स्टेरिंग भिकनने धरायचं, खालचं ते बघतील. "गाडी तो तमेज चलावशो ने?" ते म्हणाले. तत्त्वतः यात खोट काढता येत नव्हती.

व्यारा, नवापूर मागे टाकत गाडी झोकात निघाली. मागच्या सीटवर नवं लुगडं नेसलेली सुंदरा पुढे झुकून कुंदनभाईंच्या पायांकडे बघत होती. गाव आलं तशी ती ताठ बसली.

पंडित धावत आला आणि भिकनला ओलांडून डाव्या दाराशी गेला. टपावर पाटी आहे आणि ड्रायव्हरशेजारी हात बांधून माणूस बसलाय, म्हणजे तो साहेब, हे गावाला शिकवावं लागत नाही. पाटी कुणाला वाचता आली नाही, त्यामुळे आदर आणखी वाढला. कुंदनभाईंना टोपी, टॉवेल, नारळ मिळाला. "सुरतचे सुप्रसिद्ध उद्योगपती कुंदनशेठ" अशी माइकवरून घोषणा झाली. भिकनला कुणीतरी खांद्याला धरून पंगतीला नेलं, कारण ड्रायव्हर लोकांना आधी वाढायची पद्धत होती.

पंडितने बहिणीला बाजूला घेतलं. "ताई, दाजी ड्रायव्हरकीवर कधयपाईन लागनात?"

सुंदराने जन्मभराची अब्रू एका बोलण्यावर लावली होती आणि त्यातलं 'गाडी ह्याच चालाडतीन' हे तर शब्दशः खरं झालं होतं.

संध्याकाळी शेठला गावाने सोडलंच नाही. मुक्कामाचा आग्रह झाला, सरपंचांना शेठशी कारखान्याबद्दल बोलायचं होतं. कुंदनभाईही आता नाही म्हणण्याच्या पलीकडे गेले होते. "गाडी लई जाओ. हवे तो तमे शीखी गया," असं म्हणून त्यांनी टोपी सारखी केली. भिकनची सकाळची पाळी होती आणि पंडित फाटकाशी उभा होता. आपल्याला फक्त अर्धी गाडी येते, हे त्याच्यासमोर सांगणं शक्य नव्हतं.

भिकन घामाघूम होऊन स्टेरिंगवर बसला. तेवढ्यात डावं दार उघडलं. सुंदरा आत आली, तिने चपला काढल्या, मशीनवर बसताना खोचते तसं लुगडं खोचलं आणि पाय पेडलांवर ठेवले.

"तुम्ही फक्त स्टेरिंग धरा," ती म्हणाली. "खालनं मी देखसू."

गाडीने एक गचका दिला, मग दुसरा, लहानसा. नंतर ती चालू लागली.

आजही भिकन मास्टर त्याच गाडीतून हिंडतो. कुंदनभाई अजून मुक्कामालाच आहेत. खात्यात कुणी विचारलं तर भिकन सांगतो, गाडी मी चालवतो; आणि सुंदरा ते कधी खोडून काढत नाही. घरोघरचे कुशल चालक हे वाचून हसले असतील, तर त्यांनीही एकदा आपल्या डाव्या बाजूला वाकून पाहायला हरकत नाही. मात्र गाडी थांबलेली असतानाच पाहावं. आणि ती थांबवायची असेल तर आधी डाव्या बाजूलाच विचारावं लागेल.