मोरेश्वरांचं माहेर

नागपंचमी जवळ आली तसं हेमलता धायगुडेच्या यंत्रनवऱ्याने माहेरी जायची परवानगी मागितली.

पहिला नवरा वारल्यावर बरीच वर्षं एकटीने काढून तिने मोरेश्वरांना कंपनीतून आणलं होतं. संसार सुरळीत होता. ते नारळ खवून देत, तिचं तेच तेच बोलणं नव्याने ऐकत आणि स्वतःला झोप येत नसली तरी रात्रभर तिचा हात धरून पडून राहत.

"अहो, माहेर बायकांना असतं," ती म्हणाली.

"आपलं घर सोडून जो दुसऱ्याच्या घरी नांदायला येतो, त्याला असतं," मोरेश्वर म्हणाले. "मी आलोय ना?"

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. तिने कंपनीत फोन लावला.

"ताई, इथं त्यांना ओळखणारं कुणी उरलं नाही," तिकडचा माणूस अदबीने म्हणाला. "ज्यांनी जोडलं ते नोकरी सोडून गेले. चार दिवस बंद करून कपाटात ठेवा. कळणारसुद्धा नाही त्यांना."

"सासुरवाशिणीला कुणी कपाटात ठेवतं का हो?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

मग मन घट्ट करून तिने वाईजवळच्या आपल्या माहेरी, दादाला फोन केला. यंत्राशी संसार मांडला म्हणून दादाने तिला बोलावणं सोडलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे बिचाऱ्याला माहेरच नाही?"

"नाही रे."

"मग इकडं पाठव. पाठव कशाला, मीच येतो न्यायला."

हेमलताने घाईने विचारलं, "दादा, मीपण येऊ? दोघं मिळून येतो."

दादा विचारात पडला. "तू कशी येशील गं? तो माहेरी येणार, म्हणजे तू त्याच्या सासरची. सासरच्या माणसांनी मागोमाग येऊन बसलं तर त्याला मोकळं कसं वाटायचं?"

तेही बरोबरच होतं. दादा आला, चहा घेतला आणि मोरेश्वरांची पिशवी स्वतः उचलून त्यांना घेऊन गेला. रात्री हेमलताचा हात अंथरुणावर नुसता पडून राहिला.

पंचमीच्या दुपारी मोरेश्वरांचा फोन आला. मागे बायकांची गाणी चालली होती.

"वहिनी अजून चार दिवस राहा म्हणतात. राहू का?"

'परत या' असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"झोका बांधलाय का हो? मागच्या चिंचेला?"

"बांधलाय. उंच गेलं की नदी दिसते."

"अजून दिसते?" तिने डोळे मिटले. "राहा मग. पण फोन ठेवू नका. हातात धरून झोक्यावर बसा."

थोड्या वेळाने दोरी करकरू लागली. हेमलता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि तिने दोन्ही पाय जमिनीवरून अलगद उचलले.