कवा? कुठी? कोणं पाह्यलं?

गणवीर सरांना मराठीत तुम्ही वाटेल ती थाप मारा. आंधळगावच्या तलावात बैलाएवढा मासा पाहिला म्हणा, ते चहा मागवतील आणि मासा काय खात होता तेही विचारतील. पण इंग्रजीत स्वतःबद्दल एक शब्द इकडचा तिकडे करून पाहा. 'आय ॲम हार्डवर्किंग' एवढंच म्हणा. सर लगेच डोळे वटारतात. "कवा? कुठी? कोणं पाह्यलं?"

तुमसरच्या बस स्टँडसमोर झेरॉक्सचं एक दुकान आहे. इंग्रजीची मास्तरकी संपल्यापासून सर तिथल्या कॉम्प्युटरपुढे ठाण मांडून असतात. दुकानदार त्यांचाच विद्यार्थी, त्यामुळे बिचाऱ्याला 'उठा' म्हणता येत नाही. नोकरीचा अर्ज टाईप करायला आलेला प्रत्येक माणूस आधी सरांच्या तावडीत सापडतो. पैसे घेत नाहीत, पण अर्धी दुपार घेतात.

हल्ली सगळ्यांचे बायोडाटा मोबाइलवरून उतरवलेले. ते पाहिले की सरांचा तिळपापड होतो. "अनुभव लोकाइचा आणि सही आपली! चोरी आहे बे ही, चोरी!" एका मुलीनं छंदांमध्ये 'ट्रॅव्हलिंग' लिहिलं होतं. "कुठी गेली होती? भंडाऱ्याहून पूल ओलांडून कारध्याले गेली, त्याले ट्रॅव्हलिंग म्हणते का?" राईस मिलमधल्या एका ऑपरेटरनं 'डायनॅमिक लीडर' लिहिलं. "लीडर कोणाचा? पोत्याइचा?" चाळिशीचा बाप्या, रडकुंडीला आला. शेवटी सरांनी त्याच्याकडून काढून घेतलं, की तांदूळ तुटायला लागला की मशीनच्या आवाजावरूनच त्याला कळतं. तेवढं एक वाक्य इंग्रजीत टाईप केलं आणि म्हणाले, "हे करेक्ट इंग्लिश. याच्यात तू आहेस."

मला हा नसता उपद्व्याप वाटायचा. मीही त्यांच्या हाताखालून गेलेलो, पण आता कचेरीत कारकून आहे. फॉर्म कसा भरायचा ते मला शिकवायची गरज नव्हती.

तर माझी मोठी बहीण सुनंदाताई. लग्न झालं नाही तिचं. आमच्या आईला लकवा मारला, तेव्हापासून नऊ वर्षं ताईनंच तिचं सगळं केलं. गेल्या वर्षी आई गेली. नागपूरच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करायला बाई हवी होती, राहायची सोय होती. ताईला ती नोकरी पाहिजेच होती. "आता मले कोणाच्या हाताकडे पाहून जगायचं नाही," असं ती माझ्या तोंडावर म्हणाली. मी फॉर्म भरला. शिक्षण दहावी, अनुभव निल. प्रिंट काढायला दोघं दुकानात गेलो.

सरांनी फॉर्म वाचला आणि खुर्ची मागे ढकलून उभेच राहिले.

"निल? नऊ वर्षं निल? कोणं भरला हा फॉर्म?"

"मी भरला, सर. नोकरी थोडीच होती ती? आई होती आपली."

"आई होती म्हणून पडून पडून पाठीले जखमा होत नाहीत का बे?"

दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडे पाहायला लागली. माझं डोकंच सणकलं. सरांनी मला बाजूला केलं आणि ताईला खुर्ची दिली. "सांग बाई. काय काय केलं?"

"काय सांगू सर? घरचंच काम."

"तेच सांग."

ताई अडखळत बोलायला लागली. दर दोन तासांनी कूस बदलायची. पेज गाळून चमच्यानं द्यायची, ठसका लागला की मान कशी धरायची. आईची वाचा गेली होती, पण भुवई उचलली की तहान आणि डोळे मिटले की दुखणं, हे ताईला कळत होतं. नऊ वर्षांत पाठीला एक जखम होऊ दिली नाही. सर दोन बोटांनी टाईप करत होते. यातलं अर्धंअधिक मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि त्याचाही मला रागच येत होता.

आता अनुभव लिहिला म्हटल्यावर फॉर्मसोबत रुग्णाच्या घरच्यांचं पत्र जोडायचं होतं. घरचा म्हणजे मीच. मी झपाट्यानं इंग्रजीत लिहिलं, की माझ्या बहिणीनं उत्कृष्ट सेवा केली. सरांनी कागद टरकावला.

"उत्कृष्ट हे तुले काय मालूम? तू काय पाह्यलं ते लिही."

मी काय पाहिलं होतं? रविवारी दुपारी ताई खाटेखाली बादली ठेवून आईचे केस धुवायची. मी तेच लिहिलं. पुढे पेन आपोआप चाललं, की मी तेव्हा पेपर वाचत असे. लाजून ते वाक्य खोडायला गेलो तर सरांनी हात धरला.

"राहू दे. करेक्ट आहे."

मग मात्र माझा तोल गेला. "तुमच्या घरचा फॉर्म असता तर तुम्हीही निलच लिहिलं असतं, सर!"

सर खाली बसले.

"लिहिलंच ना," ते म्हणाले. "तुही काकू, माही बायको, गेली तवा मृत्यूच्या दाखल्यासाठी बाबूनं विचारलं, काय काम करत होत्या? मी म्हटलं, काही नाही. माह्या बापाले सहा वर्षं खाटेवर सांभाळलं तिनं. आणि मी म्हटलं, काही नाही. त्यानं कामाच्या रकान्यात रेघ मारली, मी सही केली."

ताईनं कागद पिशवीत घातले, सरांना नमस्कार केला आणि निघाली. तेवढ्यात सरांनी तिला हाक मारली.

"सुनंदा, घाईत नसशील तर बस ना जराशी. ते कूस बदलायचं कसं, एकडाव सांग. तिनं ते एकटीनं कसं केलं असंन, मी कवा विचारलंच नाही."

ताईनं पिशवी खाली ठेवली. सरांनी कीबोर्ड बाजूला सारला, आणि ती सांगायला लागली.