काकूंनी हात लावला नाही

काकूंचा हात कधी स्वस्थ बसत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. कुणाची पिशवी फाटू दे, कुणाचं पोर रडू दे, काकू हजर. त्यांचा मुलगा तर त्यांना 'मदतखातं'च म्हणायचा. पोरं मोठी झाल्यावर काकूंनी रीतसर बालसंगोपन आणि कुटुंबसेवेचा अभ्यासक्रम धरला. पास झाल्या की वस्तीतल्या कुटुंब केंद्रात नोकरी मिळणार होती, आणि ती त्यांना जिवापाड हवी होती. लेखी पेपर त्यांनी धडाधड सोडवले. घोडं पेंड खायचं ते प्रात्यक्षिकात. पाळणाघरात बुटक्या खुर्चीवर बसून मुलांचा खेळ नुसता बघायचा, टिपणं काढायची. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. पहिल्या खेपेला काकूंनी एकाचं वाहतं नाक पुसलं आणि नापास झाल्या. पुढच्या खेपेला एकीच्या बुटाची नाडी बांधली. आता ही शेवटची संधी होती.

"पोरगं पंख्याला लटकलं तरी उठू नकोस," नवऱ्याने निघताना बजावलं.

"आणि खरंच लटकलं तर?"

"तर लिही, लटकलं म्हणून."

पाळणाघरातल्या ताईंनी मुलांना समजावून सांगितलं की या काकू फक्त बघणार आहेत, त्यांना हात लावायची परवानगी नाही. मुलांनी काकूंकडे मोठ्या दयेने पाहिलं. परीक्षक बाई काचेपलीकडच्या खोलीत जाऊन बसल्या. बाई कडक होत्या, हसताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं.

सुरुवातच अशी झाली की काकूंचं पेन घरंगळलं. ते उचललं दोन वेण्यांच्या एका ठेंगणीने, जिला ताई मुकादम म्हणत. पेन हातात धरून ती वाट बघत राहिली. मोठी माणसं आपली वस्तू मागतातच, हा तिचा आजवरचा अनुभव. काकूंनी ओठ घट्ट मिटून घेतले. मुकादमने त्याच पेनने खोटंखोटं सूप ढवळायला घेतलं. मग काकूंचा चष्मा गेला. ही काकू काहीच बोलत नाही, अशी बातमी खोलीभर पसरली. कुणीतरी त्यांची शाल ओढली, एक टोक कपाटाच्या कडीला बांधलं, दुसरं खिडकीच्या गजाला, आणि मधला भाग काकूंच्या डोक्यावर टाकला. पायांभोवती ठोकळ्यांची भिंत उभी राहिली. घर तयार झालं, आणि त्याचा मधला खांब म्हणजे काकू.

इतक्यात एका लाल ठोकळ्यावरून दोघांची जुंपली. काकूंनी हात मांड्यांखाली दाबून धरले. घरच्या पोरांची भांडणं त्यांनी दोघांना एकेक धपाटा घालूनच मिटवली होती. मुकादम मात्र शांतपणे म्हणाली की हा ठोकळा दार आहे, आणि दाराला दोन राखणदार लागतात. दोघे ऐटीत दाराशी उभे राहिले. काकू थक्कच झाल्या. अहो, हे आपल्याला कधी सुचलं नाही.

दाराजवळ एक नवी मुलगी सकाळपासून बाबासाठी रडत होती. एक बूट पायात, एक हातात. ताईंनी नाना प्रकार करून पाहिले होते. आता तिचा हुंदका असा काही लागला की काकूंचा जीव खालीवर झाला. नोकरी गेली चुलीत म्हणून त्या उठणारच होत्या, पण उठल्या तर घर कोसळणार होतं. तेवढ्यात एक राखणदार जागा सोडून नवीजवळ गेला. समजूत वगैरे काही नाही. तो तिच्या शेजारी बसला आणि सोबत म्हणून थोडा वेळ स्वतःही रडला. मग मुकादम आली.

"तुला घर हवंय? आमच्याकडे आहे," ती म्हणाली.

नवी उठली, दारातून वाकून आत आली आणि काकूंच्या मांडीवर चढून बसली. कुणी तिला सूप दिलं, कुणी पांघरूण म्हणून स्वतःचा रुमाल घातला. ती हळूहळू शांत झाली आणि झोपून गेली. काकू श्वाससुद्धा जपून घेत होत्या. एवढ्याशा या माणसांना हे कुणी शिकवलं असेल? त्यांचे डोळे वाहू लागले, आणि डोळ्यांबरोबर नाकही. पुसायला हात मोकळा नव्हता. मुकादमने ते पाहिलं. शालीचं टोक घेऊन तिने काकूंचं नाक व्यवस्थित पुसलं आणि पुन्हा सुपाकडे वळली.

आता परीक्षक बाईंना राहवेना. त्या लगबगीने आत आल्या आणि काकूंना सोडवायला त्यांच्या डोक्यावरची शाल उचलू म्हणून त्यांनी हात पुढे केला.

"हात लावायचा नाही," मुकादम म्हणाली. "नुसतं बघायचं."

बाई क्षणभर घुटमळल्या. मग मुकाट्याने भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. मुलांना न्यायला आईबाप येऊ लागले, त्यांनाही राखणदारांनी ओठांवर बोट ठेवून दाराशीच थोपवलं. त्यांच्यात नवीचा बाबाही होता. सकाळी रडतं लेकरू सोडून गेलेला तो माणूस निजलेल्या लेकीकडे बघत राहिला.

नवी जागी झाली, तेव्हा बाईंनी टिपणं मागितली. टिपणं कुठली, पेन सुपात होतं. काकूंनी पाहिलेलं सगळं तोंडीच सांगितलं, सांगताना पुन्हा रडल्या. बाईंनी एकदा घसा साफ केला आणि पास म्हणून सांगितलं.

घरी नवरा दारातच उभा होता. बायकोचे लाल डोळे पाहून त्याने कपाळाला हात लावला.

"खरं सांग, कुणाचं नाक पुसलंस?"

"मी नाही हो," काकू म्हणाल्या. "त्यांनीच माझं पुसलं."