जड इंजिन, हलक्या स्प्रिंगा

गाडीतलं मला फार कळतं. हे मी नाही म्हणत, आमचं अख्खं ऑफिस म्हणतं. म्हणजे मी त्यांना तसं सांगितलंय आणि अजून कुणी 'नाही' म्हटलेलं नाही!

म्हणूनच गेल्या वर्षी मी आमच्या छोट्या गाडीचं मूळ इंजिन काढून तिच्यात एका मोठ्या गाडीचं दणकट डिझेल इंजिन बसवलं. गाडी सुसाट पळायला लागली. पण दिसायची कशी? पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलातून चालणाऱ्या माणसासारखी! तिला जमिनीलगत बसवायची तर आखूड स्प्रिंगा हव्यात. मी लागलो कामाला.

माझी बायको वजनकाट्यावर काम करते. ट्रक काट्यावर चढतो, ती वजन घेते, पावती फाडते. बारा वर्षं हेच. तिने विचारलं, "नवं इंजिन जुन्यापेक्षा किती जड आहे?"

"असेल थोडंफार."

"थोडंफार म्हणजे किती? दुपारी गाडी घेऊन ये. पुढची चाकं तेवढी काट्यावर चढव, दोन मिनिटांत आकडा देते. तो बघून स्प्रिंगा घे."

"अगं, स्प्रिंगा निवडणं म्हणजे कांदे-बटाटे तोलणं नव्हे!"

तिने डबा उचलला आणि कामावर निघाली. मला वाटलं, पटलं तिला!

दुकानदार म्हणाला, "या मॉडेलला दोन प्रकार येतात. हलक्या इंजिनाच्या आणि जड इंजिनाच्या. तुमचं इंजिन कुठलं?"

"जड. पण गाडी जास्त खाली कोणत्या बसवतात?"

"हलक्या इंजिनाच्या. कागदावर चाळीस मिलिमीटर. पण जड इंजिनाखाली त्या..."

"त्याच द्या!"

लोकांची वाक्यं अर्ध्यावर तोडण्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

रविवारी मेकॅनिकने स्प्रिंगा बसवल्या आणि जॅक सोडला. गाडी खाली आली. आणि येतच राहिली! नाक जमिनीला, पार्श्वभाग आभाळात. पलंगाखाली गेलेलं बटण शोधावं तशी वाकून उभी.

"साहेब, टायर आणि मडगार्डमध्ये बोट शिरत नाही," मेकॅनिक म्हणाला.

"रुबाबदार दिसते!"

"दिसते खरी. जरा जपून चालवा."

सोमवारी बायकोची मुलाखत होती. दहा वाजता, मुख्य कार्यालयात. कंपनीच्या सगळ्या काट्यांवर देखरेख करायची जागा! त्या जागेसाठी तिने महिनाभर रोज पहाटे उठून नियम पाठ केले होते. नवे कपडे, कडक इस्त्री, हातात फाइल.

"मी बसने जाते," ती म्हणाली.

"दारात गाडी असताना बस? लोक काय म्हणतील!"

पहिला गतिरोधक आला. घर्रर्र! दुसऱ्यावर गाडी अडली. बायको उतरली, गतिरोधक चालत ओलांडून पलीकडे उभी राहिली, मग पुन्हा बसली. तिसऱ्यापाशी मला कल्पना सुचली.

"तू मागच्या सीटवर बसतेस का? मागे वजन पडलं की नाक उचलेल."

"मी काय वाळूचं पोतं आहे?" असं म्हणून बसली मात्र. पुढे चढाच्या पायथ्याशी रस्त्यावर गटाराचं झाकण बोटभर वर आलेलं होतं. बोटभर! बाकीच्या सगळ्या गाड्या त्यावरून गेल्या. आमची मात्र धाडकन आदळली आणि बंद पडली.

मी "काही झालेलं नाही" म्हणेपर्यंत बायको खाली वाकलीसुद्धा. "ऑइल चेंबर फुटलंय," ती म्हणाली. उठली तेव्हा उजवी बाही कोपरापर्यंत काळी झाली होती.

पावणेदहा झाले होते. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ! इतक्यात एक ट्रक थांबला. "ताई? तुम्ही इथे कशा?" तिच्या काट्यावर रोज येणारा ड्रायव्हर. तिला त्याने वर घेतलं, मग माझ्या गाडीकडे बघितलं. "साहेब, इंजिन जड टाकलंय वाटतं?"

रस्त्यावरून जाणाऱ्याला कळलं!

ट्रकलाही पुढे नाक्यावर पोलिसाने अडवलं, त्या वेळेत जड वाहनांना शहरात बंदी होती म्हणून. तिथून ती धावत गेली. पोहोचली तेव्हा पावणेअकरा वाजले होते.

जागा तिच्या हाताखालच्या माणसाला मिळाली. त्याला काटा शून्यावर आणायला हिनेच शिकवलं होतं.

"उशीर का झाला, ते विचारलं नाही त्यांनी?" मी म्हणालो.

"विचारलं. मी म्हटलं, वजनाचा अंदाज चुकला."

वजनकाट्यावरच्या बाईने मुलाखतीत हे एकच वाक्य बोलायचं नसतं!

"अगं, माझं नाव सांगायचं ना! नवऱ्याने ऐकलं नाही म्हणायचं!"

"म्हणजे त्यांनी विचारलं असतं, घरात जिचं कुणी ऐकत नाही, तिचं काट्यावर कोण ऐकणार?" एवढं बोलून ती आत गेली. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी इंजिन तोलून घेतलं. दुसऱ्याच काट्यावर, तिच्या काट्यावर जायचं तोंड नव्हतं. जड इंजिनाच्या स्प्रिंगा बसवल्या. गाडी आता अशी झकास उभी राहते की काय सांगू! काल सकाळी ती डबा घेऊन निघाली, तेव्हा मी किल्ली नाचवत दारात उभा राहिलो.

"सोडू का?"

"नको," चपला घालत ती म्हणाली. "मला पोहोचायचंय."