काश्यपगोत्री कॅप्टन

रविवार, दुपारी साडेबाराचा खेळ, अकोला. हजर: आमचे अमरावतीचे शेजारी विश्वनाथ महाराज, वय सदुसष्ट, त्यांचे मित्र बापूराव, तेल्हाऱ्याचे कापूसवाले शेतकरी, वय एकोणसत्तर, आणि तिकिटं काढणारी मी. पहिल्या दोघांचं बोलणं सात महिने बंद. ते सुरू करून देणं हे माझं त्या दिवशीचं काम.

महाराज पौरोहित्य करतात. दर सर्वपित्री अमावास्येला ते वडील, आजोबा, पणजोबा, मग वारलेली बायको, म्हणजे आमच्या काकू, अशा क्रमाने तिळाचं पाणी सोडतात आणि शेवटची ओंजळ कॅप्टन ओर्बानला देतात. हा ओर्बान सिनेमातला. 'नीले सूरज के उस पार' नावाची अंतराळातली परदेशी मालिका हिंदीत डब होऊन आमच्याकडे यायची. तिच्या चौथ्या भागात यान वाचवताना ओर्बान मरतो. त्यानंतरच्या पहिल्याच अमावास्येला महाराजांनी त्याचं नाव घेतलं. गोत्र माहीत नसलं की काश्यप धरायचं, असा नियम आहे. म्हणून काश्यपगोत्री ओर्बान.

मी एकदा विचारलं होतं, "महाराज, त्याला आपलं तर्पण चालेल का?"

"तो तिसऱ्या आकाशगंगेतला आहे बाई. तिथं काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे का? नाही ना? मग पाणी द्यायला काय हरकत आहे?"

लग्नात मुहूर्त टळायला आला आणि नवरीच्या बापाला घाम फुटला, की महाराज अंतरपाटाआडून ओर्बानचं वाक्य टाकतात, "हौसला रखो, इंजन गरम हो रहा है!" बाप आणखी घाबरतो. ओर्बानच्या जुनाट यानाचं दार दोन लाथा घातल्याशिवाय उघडत नसे. महाराजांच्या न्हाणीघराचं दार ठणठणीत आहे, तरी तेही दोन लाथांनीच उघडतं.

चारही भाग त्यांनी बापूरावांबरोबर अकोल्यात पाहिले. ओळखही तिथलीच, पहिल्या भागाच्या रांगेतली. महाराज बडनेऱ्याहून रेल्वेने यायचे, बापूराव तेल्हाऱ्याहून एसटीने.

आता कंपनीने मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू केली आहे. नवं यान, नवा नट, ओर्बान पंचविशीतला. जाहिरात आधी बापूरावांच्या फोनवर आली. त्यांनी लगेच फोन लावला, "महाराज, तुमचा मानूस जिता झाला न बाप्पा! आता पानी कोनाच्या नावानं सोडता?" महाराजांनी फोन ठेवला. तो ठेवलाच. पुढचे सात महिने ते संध्याकाळी एकटेच ओट्यावर बसत. मी काही विचारलं की "ठीक आहे" म्हणत. शेवटी मी दोघांना वेगवेगळं सांगून तिकिटं काढली आणि स्वतः मधल्या खुर्चीत बसले.

"बाई, त्याइले इचारा, गुडघा कसा हाये," बापूराव म्हणाले.

"सांगा, गुडघा जागेवर आहे."

"मंग फोन उचलाले हात गेला होता का, ते बी इचारा."

तेवढ्यात सिनेमा सुरू झाला. नवं यान दिसलं.

"हे यान आहे का मिक्सर?" महाराज म्हणाले. यानाचं दार आपोआप सरकलं तशी त्यांनी माझा दंड धरला. "लाथ नाही? दाराला लाथच नाही?"

"ओ काका, हळू," पुढच्या रांगेतून आवाज आला.

पण मध्यंतराच्या जरा आधी त्या पोरसवद्या ओर्बानने आपली प्राणवायूची नळी काढून एका जखमी शत्रूच्या तोंडाला लावली, आणि महाराज पुढे सरकून बसले. दिवे लागले तरी तसेच बसून होते. मग बापूरावांकडे न बघता म्हणाले, "शास्त्रात सोय आहे. ज्याचं उत्तरकार्य झालं तो माणूस परत आला, तर त्याचे जन्मापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे. जातकर्म, बारसं, मुंज, सगळं. या लोकांनी तेच केलं. चूक नाही."

"म्हंजे पास?" बापूरावांनी थेट विचारलं. माझं काम झालं होतं. मी खुर्ची बदलली.

"पास. यान नापास."

"मंग येवढा राग काहून आला होता तुमाले?"

महाराज हातातल्या मक्याच्या लाह्या चिवडत राहिले. "जिवंत माणसाला पाणी देता येत नाही, बापूराव. यंदापासून ती ओंजळ बंद. त्याला बायको नाही, मूल नाही. सगळे त्याला तिथंच सोडून निघून आले. मला वाटायचं, मागं कोणी नसलेल्या माणसाचं नाव कोणीतरी घ्यावं. घेतलं, की बरं वाटायचं."

महाराजांनाही मूलबाळ नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. बापूराव त्यांच्याकडे वळले.

"तुमचं मी घेतो."

"तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहेस."

"त्यानं काय होते? लाइनीत उभं राहून मांगच्याले आधी तिकीट भेटलेलं म्या पाह्यलं हाये. मित्राले पानी चालते का नाही, तेवढं सांगा."

"चालतं," महाराज म्हणाले. "मित्राला चालतं."

"मंग मंत्र लिहून द्या. मोठ्या अक्षरात. मले बारीक दिसून नाही राह्यलं."

महाराजांनी मान डोलावली आणि लाह्यांचा पुडा त्यांच्यापुढे धरला. पुढचा अर्धा सिनेमा दोघं इतकं बोलले, की पुढच्या रांगेतला माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला.

याला दीड महिना झाला. आता रोज सातला बापूरावांचा फोन असतो आणि ओट्यावरून त्या यानाला घातलेल्या शिव्या माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतात. मंत्राचं मी महाराजांना तीनदा विचारलं. "लिहितो हो, घाई काय आहे?" म्हणतात. काल जाड पेन आणि आखीव कागद नेऊन दिला. आज पाहिलं, तर वर ठसठशीत 'श्री. बापूराव यांस' एवढंच होतं. मंत्र तेल्हाऱ्याला पाठवायचा आहे.