हिरवं की लाल

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, अभनपूरच्या पाच किलोमीटर अलीकडे एका जुन्या पिकअपचं रेडिएटर उकळलं. खर्च आला दोन हजार सातशे चाळीस रुपये. हजर होतो दोघंच: मेश्राम काका आणि मी. गाडी काकांची, चूक माझी.

मेश्राम काका समता कॉलनीत आमच्या समोर राहतात. रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. माणसाची पारख ते त्याच्या गाडीतल्या, म्हणजे इंजिन थंड ठेवायला टाकतात त्या, कूलंटवरून करतात. पुतणीला पाहायला मुलगा आला, तेव्हा काकांनी त्याला पगार विचारला नाही. विचारलं, "गाडीत कोणता रंग टाकता?" मुलगा म्हणाला, "पानीच डालते हैं, अंकल." काकांनी त्याच्यापुढची पोह्यांची प्लेट चार बोटं मागे ओढली. ते लग्न जमलं नाही.

पिकअप तेवीस वर्षांची. भंगारवाला अडतीस हजार द्यायला तयार होता, ते मीच काकांना सांगितलं होतं. सहा दिवस ती माझ्या फाटकासमोर उभी असते आणि रविवारी अभनपूरला जाऊन येते. कशाला, तर "इंजिन मोकळं कराले." जाताना रिकामी, येताना रिकामी. बावन्न रविवारांच्या डिझेलचा आकडा मी त्यांना एकदा काढून दाखवला. त्यांनी त्याच कागदाने तेलाची डिपस्टिक पुसली.

रोज सकाळी सहाला बॉनेट उघडायचं, रेडिएटरचं झाकण काढायचं, टॉर्च मारून आत पाहायचं. कमी दिसलं तर अर्धं हिरवं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी. बोअरचं पाणी वर्ज्य. "कढईत पाण्याचा खार बसते ना, तसाच आत बसते. गाडी बोलून नाही राहिली म्हणून तिले काहीही पाजाल काय?" माझ्या नव्या कारमध्ये लाल कूलंट आहे हे कळलं, तेव्हा त्यांनी माफी दिल्यासारखं सांगितलं, "तुमच्या पोरीले लाल चालते. माही म्हातारी हाय, तांब्या-पितळेचं रेडिएटर. तिले हिरवंच."

गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. तो ते सगळीकडे लावतात. चहा असो, भांडण असो, वाढून आलेलं विजेचं बिल असो, काका म्हणणार, "पहिले थंडी होऊ दे."

एप्रिलमध्ये त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गाडी चालवायला महिनाभर मनाई. सकाळची तपासणी माझ्याकडे आली आणि रविवारी गाडी चालवण्याचं कामही. पहिले दोन रविवार तर डॉक्टरांनी त्यांना घराबाहेरच पडू दिलं नाही. काका आजारी मुलासारखे खिडकीत बसून जागेवरच उभ्या पिकअपकडे बघत होते.

त्याच दिवसांत पातळी बोटभर खाली दिसली. हिरव्याचा डबा काकांच्या घरात, ते झोपलेले. माझ्या कारचं लाल कूलंट बाटलीत पाऊण लिटर उरलं होतं. रंगाने काय फरक पडतो, असं म्हणून मी ते ओतलं. पाऊण लिटर वाया गेलं नाही याचं समाधानही वाटलं.

तिसऱ्या रविवारी आम्ही निघालो. काका शेजारी, डोळ्यावर काळा चष्मा. अभनपूर जवळ आलं तसा तापमानाचा काटा चढला आणि बॉनेटमधून वाफ आली. मी उतरून झाकणाला हात घालणार, तोच काका म्हणाले, "पहिले थंडी होऊ दे."

गाडी निवेपर्यंत त्यांनी मला चारदा वेळ विचारली. मग झाकण उघडलं. आत मातकट रंगाचा चिकट गाळ. काकांनी बोट बुडवून ते उन्हात धरलं.

"लाल कोनं टाकलं?"

मी खरं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तो अकरा वाजता फाटकापाशी येऊन बसते."

तो म्हणजे अभनपूरचे साहूजी. हे मला तिथे, रस्त्याच्या कडेला कळलं. पिकअप दोघांनी भागीदारीत घेतलेली. साहूजी ती चालवायचे, गुढियारीच्या ठोक बाजारातून अभनपूरला माल न्यायचे. काका सुटीच्या दिवशी इंजिन बघायचे. चार वर्षांपूर्वी साहूजींना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, होकाराचा एक "हव" तेवढा राहिला. रविवारी काका त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवतात, इंजिन चालू करतात, आणि दोघं तासभर ते ऐकतात. बस, एवढंच. आणि मागचे दोन रविवार गाडी आलीच नव्हती.

एका ट्रॅक्टरवाल्याने दोरी बांधून आम्हाला ओढत नेलं. साहूजी फाटकात खुर्चीवर होते, धुतलेला शर्ट घालून. बारा वाजायला आले होते. आम्ही दोघांनी त्यांना उचलून सीटवर बसवलं. त्यांनी डावा हात पुढे नेऊन चावी फिरवायला घेतली. काकांनी तो हात आपल्या हातात धरला.

"आज नाही, साहू. मीच गलत कूलंट टाकलो. लाल टाकलो."

साहूजींचं अर्धं तोंड हसलं. इतकं हसलं, की घरातून त्यांची सून बाहेर आली.

"हव," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं, तर काकांनी मला कोपर मारलं.

रेडिएटरची सफाई नऊशे, हिरवं कूलंट चार लिटर चौदाशे चाळीस, डिस्टिल्ड पाणी शंभर, हे अभनपूरच्या मिस्त्रीला. तीनशे ट्रॅक्टरवाल्याला. सगळे मी दिले. भंगारवाल्याचा नंबर फोनमधून काढून टाकला. त्याचा खर्च काही आला नाही.